आजाराचं पूर्ण नाव

वर बैठक भरली होती आणि जिच्यासाठी ती भरली होती, तिला मात्र खाली धाडण्यात आलं होतं. "अक्का, जरा कारखान्यात चक्कर मारून ये ना, मिस्त्री एकटेच आहेत," असं तात्या म्हणाला, तेव्हाच अक्का समजली की रिपोर्ट आला. तात्याला मिस्त्रींची काळजी वाटायला लागली म्हणजे काहीतरी भयंकर घडलं असणार. मिस्त्री तर तात्याच्या जन्माआधीपासून एकटेच काम करत आले होते आणि कुणी सोबतीला आलं की चिडत होते.

तरी ती जिना उतरून गेली. धाकट्या भावाला एवढी मुभा द्यायला हरकत नव्हती.

पॉलिशच्या खोलीत जेवणाचं मोठं टेबल तयार होत होतं. घासून झालं होतं, पहिला हात द्यायचा बाकी होता. अक्कानं सवयीनं खिडकीचा उजेड आडवा पडेल अशी मान वाकडी केली आणि तळवा फळीवरून फिरवला. कडेला एक बारीक चीर लागली. तिनं खिशातला खडू काढला, चिरेभोवती गोल केला आणि म्हणाली, "मिस्त्री, चीर. उजवा कोपरा."

"दिसली," मिस्त्री म्हणाले. "पण मोठ्यानं सांगितलंस ते बरं केलंस."

वडिलांनी घातलेला नियम होता तो. पूर्वी एकदा चीर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून दडवलेलं कपाट गिऱ्हाइकाकडे गेलं आणि उन्हाळ्यात सगळ्यांसमोर तडकून परत आलं, तेव्हापासूनचा. ज्याला खोट दिसेल त्यानं खडूनं गोल करायचा आणि खोटीचं नाव खणखणीत आवाजात सांगायचं. चीर असेल तर चीर, गाठ असेल तर गाठ, कीड असेल तर कीड. नुसतं 'काहीतरी आहे' म्हणणाऱ्याला वडील खोलीबाहेर काढत. पॉलिशनं खोट झाकली जात नाही, उलट ती चमकून वर येते, हे अक्का त्यांच्याकडूनच शिकली. वडिलांच्या मागे कारखाना तिनं चालवला तो याच एका नियमावर, आणि त्यापायी गिऱ्हाइकांशी, कारागिरांशी आणि दोन्ही भावंडांशी मनसोक्त भांडली.

तिनं खडू खिशात ठेवला. अक्काला भीती वाटत होती. डाव्या छातीत लागलेली गाठ, मग छातीचा फोटो काढताना दाबून धरणारा यंत्राचा थंड पत्रा, मग ती जाड सुई, सगळं तिनं कुणाला दिसू न देता सोसलं होतं. पण खरी खोलवर लागली होती ती हॉस्पिटलातल्या डॉक्टरांची एक साधी चौकशी. "तुमच्या आईला कॅन्सर होता म्हणता. कशाचा?" आणि अक्का, जिला लाकडाच्या वासावरून झाड ओळखता येई, तिला सांगावं लागलं होतं, "माहीत नाही."

कारण आईच्या आजाराला या घरात नावच नव्हतं. 'आईचं ते' म्हणायचे सगळे. आई मागच्या खोलीत गेली, दाराला पडदा लागला, बोलणारे कुजबुजायला लागले आणि एक दिवस पडदा निघाला. छातीचा होता की पोटाचा, वडिलांनी कधी तोंडातून काढलं नाही. लाकडाची खोट चारचौघांत सांगायला लावणारा माणूस बायकोच्या बाबतीत मात्र मुका झाला. अक्कानं त्यांना बाकी सगळं माफ केलं होतं, हे नाही.

"मिस्त्री, मी वर जाते," ती म्हणाली.

"जा. आणि उभी राहून बोल, बसू नकोस. बसलीस की ते तुला गुंडाळतील."

जिन्यातच माईचा आवाज ऐकू आला. माई म्हणजे मधली बहीण. तिचा हळू आवाजही दोन घरं ओलांडून जाई.

"दुसरी स्टेज आहे रे, दुसरी! मी मावशीला सांगितलं, आत्तेबहिणीला सांगितलं. सांगितलं म्हणजे नाव नाही घेतलं हं, नुसतं 'ते' म्हटलं."

अक्का दारात उभी राहिली. समोरचं दृश्य बघून तिला आजारापेक्षा जास्त धास्ती वाटली. माई आणि तात्या एकाच सोफ्यावर बसले होते. वाटणीच्या वेळी रंध्याच्या मशीनवरून जी दोघं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली होती, ज्यांना एका खोलीत आणायला अक्काला दोन लग्नं आणि एक बारसं खर्ची घालावं लागलं होतं, ती दोघं खांद्याला खांदा लावून बसली होती. पलीकडे वहिनी, तात्याची बायको, कपबशा आवरण्याच्या निमित्तानं घुटमळत होती. आणि खिडकीशी त्यांची मुलगी, ठिणगी, हाताची घडी घालून, चेहरा लाल करून. हे नाव तिला अक्कानंच ठेवलं होतं. आता ती कारखान्याची नकाशे काढायची कामं बघायची, पण स्वभाव नावाला जागून होता.

"झालं का तुमचं?" अक्का म्हणाली. "रिपोर्ट कुठाय?"

तात्या उठला. "अगं, काही विशेष नाही. थोडी सूज आहे. माझ्या ओळखीचे एक सर्जन आहेत, ते परवाच सगळं काढून टाकतो म्हणाले. एकदा निघालं की प्रश्न मिटला. तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस?"

"सगळं म्हणजे?"

तात्यानं माईकडे पाहिलं. माईनं छताकडे.

"पूर्ण छाती, आत्या," ठिणगी म्हणाली. "तुला सूज आली म्हणून पूर्ण छाती काढणार आहेत."

"तू गप्प बस!" तात्या कडाडला.

"नाही बसत. रिपोर्टमध्ये सूज नाही लिहिलेलं. कॅन्सर लिहिलंय."

तो शब्द खोलीत पहिल्यांदाच कुणीतरी उच्चारला होता. माईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. वहिनीच्या हातातली बशी खणकन वाजली. अक्काला क्षणभर वाटलं आता खाली बसावं. मिस्त्रींचं बोलणं आठवून तिनं दाराची चौकट धरली आणि उभी राहिली.

"बरं," ती म्हणाली. आवाज कोरडा पडला होता, पण निघाला. "कॅन्सर. मग पुढे वाच. कोणता?"

"तेच तर," ठिणगी म्हणाली. "ते सांगता येत नाही असं म्हणतात. नमुना नीट राहिला नव्हता, पुन्हा तपासणी करा, असं लिहिलंय. आणि हे बाबांनी तुला सांगायचं नाही असं ठरवलंय."

"पुन्हा ती सुई?" माई उसळली. "मुळीच नाही! एकदा टोचलं तेवढं पुरे झालं. टोचलं की ते चवताळतं, सगळीकडे पसरतं. माझ्या जावेच्या बहिणीचं असंच झालं. अक्का, माझं ऐक, गुपचूप काढून टाक आणि मोकळी हो. कुणाला कळायचंही नाही."

"आणि दुसरी स्टेज कुठून काढलीस?"

"रिपोर्टात दोनचा आकडा आहे ना! ग्रेड दोन."

"आणि तेवढ्यावर तू मावशीपर्यंत पोचलीस?"

"काळजीपोटी पोचले!"

अक्कानं हात पुढे केला. ठिणगीनं कागद तिच्या हातात दिला, पण अक्कानं तो वाचला नाही. वरच्या कोपऱ्यातला लॅबचा नंबर तेवढा बघितला. "लाव," ती पुतणीला म्हणाली. "आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लाव."

"अगं अक्का, लॅबच्या डॉक्टर बिझी असतात," तात्या घाईघाईनं म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "उगाच लोकांना त्रास."

"तात्या, तू कधीपासून लोकांचा विचार करायला लागलास?"

फोन लागला. डॉक्टर बाई होत्या. आवाजावरून पोक्त, स्पष्ट बोलणाऱ्या. अक्कानं आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, "मला कॅन्सर आहे का?"

बाईंनी उलट विचारलं, "तुम्ही स्वतः बोलताय?"

"माझी छाती आहे, मग दुसरं कोण बोलणार?"

"बरोबर आहे तुमचं," बाईंचा आवाज बदलला. "हो. आहे. छातीतली गाठ कॅन्सरचीच आहे, त्यात शंका नाही. पण कॅन्सर हे एकट्याचं नाव नाही, ते कुळाचं नाव आहे. तुमचा त्यातला कोणता, हे मला सांगता येत नाहीये आणि औषध त्यावरच ठरतं."

"दुसरी स्टेज आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

माई सोफ्यात मागे सरकली.

"स्टेज मी सांगूच शकत नाही," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे दोऱ्याएवढे तुकडे येतात. ते मेणात बसवून, पातळ कापून, रंगवून मी बघते. पेशी मूळ रूपापासून किती बिघडल्या आहेत, किती जोमानं वाढताहेत, ती ग्रेड. ती दोन वाटते, तीही अंदाजानं. आजार अंगात कुठवर गेलाय ती स्टेज. त्यासाठी गाठीचं माप, काखेतल्या गाठी, स्कॅन, हे सगळं लागतं. ग्रेड दोन म्हणजे स्टेज दोन नव्हे."

अक्कानं माईकडे नुसतं पाहिलं. माईनं डोळे खाली केले.

"मग अडलंय कुठे?"

"तुमच्या गाठीच्या पेशी शरीरातल्या हार्मोनवर पोसतात का, आणि त्यांच्यावर एक विशिष्ट प्रथिन जास्त आहे का, हे बघायचं असतं. हार्मोनवर पोसत असतील तर नुसत्या गोळ्यांनीही त्यांचं खाणं बंद करता येतं. ते प्रथिन असेल तर त्याच्यावर वेगळी इंजेक्शनं आहेत. कधी कधी औषधानं गाठ आधी लहान करून छोट्या ऑपरेशनवर भागतं. पण या तपासण्यांसाठी तुकडा फॉर्मलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, राहायला हवा. तुमचा तुकडा दुसऱ्याच कशात तरी होता."

"कशात?"

"ते मीच तुम्हाला विचारणार होते. इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण असा नमुना पाहिला नाही. बाटलीत नारिंगी पाणी होतं, स्पिरिटचा वास येत होता आणि तळाशी लाखेसारखा चिकट थर होता. तुकडे आकसून चक्क चकाकत होते. बाटली आणणाऱ्या गृहस्थांना मी विचारलं, तर म्हणाले हॉस्पिटलनंच असं दिलंय. आम्ही रिपोर्टात तेच लिहिलंय."

खाली कारखान्यात मिस्त्रींची करवत चालू होती, ती थांबली.

नारिंगी, स्पिरिट आणि लाख. अक्काला कागद वाचायची गरजच नव्हती. ते मिश्रण ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं कालवायची. तिनं हळूच मान वळवली. तात्या खिडकीबाहेर असं काही बघत होता जणू तिथे कुणी त्याला हाक मारली होती.

"डॉक्टर," अक्का म्हणाली, "सुई पुन्हा टोचली तर आजार पसरतो का?"

"ही भीती सगळ्यांना असते. नाही. या तपासणीनं आजार बळावत नाही. नाव न कळता उपचार केले तर मात्र नुकसान होऊ शकतं."

"उद्या नवा नमुना पाठवते मी." तिनं फोन ठेवायला लावला.

मग तिनं विचारलं, "तात्या, माझ्या पॉलिशच्या डब्याला हात लावलास?"

"मी? छे!"

"अहो," वहिनी म्हणाली. एवढा वेळ ती नवऱ्याच्या बाजूनं गप्प होती. आता तिनं कपबशा खाली ठेवल्या. "त्या दिवशी तुमच्या शर्टाला पॉलिशचा वास येत होता. डाग मी धुतलाय. अजून गेला नाही तो."

तात्या मटकन बसला. मोठा झाल्यापासून तो कधी असा बसला नव्हता. लहानपणी आरसा फोडला तेव्हा मात्र असाच बसला होता.

"झाकण सैल होतं गं," तो म्हणाला. "वाटेत बॅगेत अर्धं सांडलं. तुकडे कोरडे पडतील म्हणून घाबरलो. कारखाना वाटेतच होता. म्हटलं हॉस्पिटलात तरी दुसरं काय असतं, स्पिरिटच ना. तुझ्या खोलीत डबा होता, त्यातलं ओतलं. त्यात लाख होती हे मला काय ठाऊक!"

"आणि लॅबमध्ये खोटं का बोललास?"

"विचारलं तेव्हा कळलं की चुकलं. मग तोंड उघडेना. तुला कसं सांगणार होतो? एवढी मोठी जबाबदारी दिलीस तू मला पहिल्यांदाच."

अक्काच्या छातीतून काहीतरी वर आलं. रडू असेल असं तिलाही वाटलं, पण निघालं ते हसू. ती चौकटीला टेकून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सबंध जन्म या घरात काढलास आणि तुला नुसतं स्पिरिट आणि पातळ पॉलिश यातला फरक कळत नाही! अरे, माझ्या कॅन्सरला पॉलिश करून पाठवलंस की रे तू!"

ठिणगीला हसू आवरेना. वहिनीनं तोंडावर हात घेतला. माईसुद्धा फिस्सकन हसली आणि मग आपण कशाला हसलो ते आठवून रडायला लागली.

हसू ओसरलं आणि राग आला. चांगला सणसणीत राग. अक्कानं तोही गिळला नाही.

"आता माझं ऐका. तुझी चूक होती ती झाली, तात्या. घाबरून केलीस, मी समजू शकते. पण त्यावर लांबी भरून तू माझी सबंध छाती कापायला निघालास. आणि ही माई गुपचूप उरकून टाक म्हणते. कुणाला कळायला नको म्हणे! का? मी काय चोरी केलीय?"

"तसं नाही गं," माई हुंदक्यात म्हणाली. "आईच्या वेळी..."

"आईच्या वेळी काय झालं ते तुला तरी माहीत आहे का? मला डॉक्टरांनी विचारलं, आईला कशाचा होता, आणि मी मख्खासारखी बघत राहिले. वडिलांनी दडवलं, आपण दडवलं. आईला जवळ घेऊन कुणी बोललंसुद्धा नाही, कारण बोलायचं म्हणजे नाव घ्यावं लागलं असतं. ती एकटी पडून गेली त्या पडद्याआड." अक्काचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "उद्या ही पोरगी डॉक्टरसमोर बसेल. तिला विचारतील, घरात कुणाला होता, कोणता होता. तेव्हा हिनं काय सांगायचं? 'ते' होतं म्हणून? त्यांच्या यंत्रात 'ते' नावाची तपासणी नाही."

ठिणगीचा चेहरा उतरला. हा विचार तिच्या मनात याआधी आला नव्हता, हे अक्काला दिसलं. बोलून गेल्याचं तिला वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

"मी पुन्हा सुई टोचून घेणार. पूर्ण नाव कळल्याशिवाय कुणी सर्जन माझ्या अंगाला हात लावणार नाही. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल घरी बसावं."

वहिनी उठली आणि अक्काच्या शेजारी जाऊन उभी राहिली. सोफ्यावर तात्या आणि माई दोघंच उरले आणि तेवढी युतीही फार टिकली नाही, कारण माईनं वळून तात्याच्या दंडावर चापट मारली. "पॉलिश ओतलंस? मेल्या, आणि मला म्हणालास लॅबच्या मशीनमध्ये बिघाड होता!"

दुसऱ्या दिवशी सगळेच हॉस्पिटलात गेले. सुई पुन्हा टोचली, पुन्हा दुखलं, अक्कानं पुन्हा दात आवळले. बाहेर आली तेव्हा नर्सच्या हातात छोटी बाटली होती. पाणी स्वच्छ. आत पांढरट दोरे तरंगत होते. बाटली लॅबला कोण नेणार, असं नर्सनं विचारलं. ठिणगीनं हात पुढे केला.

"नाही," अक्का म्हणाली. "तात्या नेईल."

तात्या बघतच राहिला. "मी?"

"तूच. झाकण आवळून बघ. सरळ जायचं. वाटेत कारखाना लागतो, तिथे थांबायचं नाही."

तात्यानं बाटली दोन्ही हातांत घेतली. गाडीत बसला तरी त्यानं ती मांडीवर ठेवली नाही. गाडी वहिनीनं चालवली. माई मागे बसून रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला आधीच सावध करत होती.

त्यानंतरचे दिवस अक्कानं पॉलिशच्या खोलीत काढले. टेबल झालं, सहा खुर्च्या झाल्या. रोज कुणीतरी वरून खाली येऊन कारण नसताना बसे. मिस्त्रींना तो सगळा राबता मुळीच आवडला नाही.

फोन आला तेव्हा घासायचं मशीन चालू होतं. अक्कानं हात वर करून ते बंद करायला लावलं. कारागीर थांबले. सगळ्यांदेखत तिनं फोन टेबलावर ठेवला, नव्या चकचकीत पॉलिशवर.

"या वेळी नमुना अगदी छान होता," लॅबच्या बाई म्हणाल्या. "स्तनाचा कॅन्सर. दुधाच्या नळीतून सुरू झालेला आणि नळीबाहेर आलेला. ग्रेड दोन. हार्मोनवर पोसणारा, दोन्ही हार्मोन पॉझिटिव्ह. ते प्रथिन मात्र नाही, म्हणजे हर-टू निगेटिव्ह. स्टेज स्कॅननंतर कळेल. यावर औषधं चांगली आहेत, बाई. लढायला जागा आहे."

"धन्यवाद," अक्का म्हणाली. मग तिनं ते सगळं ऑर्डर घेतल्यासारखं एकेक शब्द करत परत म्हणून दाखवलं. भीती होतीच, पण आता ती कशाची ते माहीत होतं, आणि त्यानं तिला बळ आलं. ठिणगीकडून तिनं नाव म्हणवून घेतलं. तात्याकडून घेतलं. तो 'हर-टू'ला अडखळला तर पुन्हा म्हणायला लावलं.

माईची पाळी आली तेव्हाच माईचा फोन वाजला. आत्तेबहीण होती. माई फोन घेऊन सवयीनं कोपऱ्यात गेली, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हाताचा आडोसा केला. अक्का बघत होती. माईनं वळून तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग ठिणगीकडे. आडोशाचा हात खाली आला.

"कुजबुजतेस काय? मोठ्यानं बोल," माई फोनवर ओरडली आणि तिचा आवाज नेहमीसारखा दोन घरं ओलांडून गेला. "हो, कॅन्सर. स्तनाचा. दुधाच्या नळीतला, हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. नाही, आत्ताच लिहून घे, मी थांबते. तुलाही मुली आहेत ना?"